आपाची घागर

आमच्या गावच्या बारवेला एकवीस पायऱ्या होत्या. त्या मी मोजलेल्या नाहीत, आपाने मोजलेल्या होत्या. डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन ती त्या पायऱ्या दिवसातून सात-आठ वेळा चढायची. चढताना तोंडाने आकडे म्हणायची. शाळेत ती तिसरीपर्यंतच गेली. पुढची सगळी उजळणी तिने बारवेतच केली.

आमचं गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या पायथ्याला. तीस-पस्तीस घरांचा मुसलमान मोहल्ला. काही शेतमजूर, काही बागवान, दोन घरं तांबोळ्यांची, एक अत्ताराचं. अब्बा गवंडीकाम करायचे. घरात नळ असतो हे आम्हाला ठाऊक होतं ते बार्शीला नातेवाइकांकडे गेल्यामुळे. गावात पाणी एकाच ठिकाणी, बारवेत. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत यायचं. चैत्र-वैशाखात ते तळाला जायचं आणि बायकांना गुडघाभर पाण्यात उतरूनच घागर बुडवावी लागायची. तिथेच पाय धुवायचे, तिथेच चूळ भरायची, तिथूनच प्यायचं पाणी न्यायचं.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्हा मुसलमानांना त्या पायऱ्या उतरायची मुभा होती. महारवाड्यातल्या बायकांना नव्हती. त्या वरच्या कडेला रिकामी भांडी ठेवून बसायच्या आणि कुणीतरी वरून ओतेल याची वाट पाहायच्या. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. अम्मी त्यांना पाणी ओतायची, पण हात उंच धरून. आम्हीही गावात उपरेच, तरी पायरीवर उभं राहायला मिळालं की माणूस खालच्याकडे कसा पाहतो, ते मी तिथे पाहिलं.

१९६९च्या उन्हाळ्यात अब्बांच्या घोट्यावर फोड आला. आधी खाज, मग आग. निखारा ठेवल्यासारखी आग. फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी डोकावलं. म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागलं नाही. नारू.

आजच्या मुलांसाठी सांगतो. नारू हा किडा. सेवयांच्या काडीएवढा बारीक आणि दोन-तीन फूट लांब. माणसाच्या अंगात तो वर्षभर वाढतो आणि मग बहुतेकदा पायातून बाहेर पडतो. त्याला औषध नव्हतं, आजही नाही. गावातला एक म्हातारा किड्याचं टोक काडीला गुंडाळून द्यायचा. रोज दोन बोटं, फार तर चार बोटं ओढायचा. घाई केली आणि दोरा तुटला की पाय सुजून टम्म, ताप, पू. अब्बांचा तुटला.

आमच्याकडचा नारू नेमका कामाच्या हंगामात निघायचा. गवंड्याला उन्हाळा हाच कमाईचा. अब्बा अडीच महिने खाटेवर पडून राहिले. अम्मी दुसऱ्याच्या शेतावर जाऊ लागली. मग पाणी कुणी भरायचं? आपा तेव्हा अकरा वर्षांची होती. अम्मीने एवढंच म्हटलं, "अब्बा चलने लगे तो फिर इस्कूल कू जा."

अब्बा चालू लागले, पण आपा शाळेत परत गेली नाही. गुरुजींनी एकदा मला विचारलं, "तुझी बहीण का येत नाही रे?" मी म्हणालो, "पाणी भरते." गुरुजींनी मान हलवली. कारण पुरेसं होतं. काही दिवसांनी हजेरीपटावर तिच्या नावावर आडवी रेघ आली. मी ती रेघ पाहिली होती आणि मला काहीच वाटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात नारू आपाला झाला. डाव्या पायाला. पण अब्बांसारखं खाटेवर पडून राहायची सवलत तिला नव्हती. पायाला चिंधी बांधून ती लंगडत बारवेत उतरायची. पाण्यात पाय ठेवला की आग थांबायची, म्हणून थोडी जास्त वेळ उभी राहायची. अम्मी हाका मारायची तेव्हा वर यायची. हजरत हाजरांनी तहानेल्या बाळासाठी सफा आणि मरवाच्या मधे सात फेऱ्या मारल्या, हे आम्हाला मौलवीसाहेब सांगायचे. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे बारवेच्या पायऱ्या यायच्या, एवढं आठवतं.

आणि १९७१च्या उन्हाळ्यात मला झाला.

मी चौथीत होतो. दीड महिना शाळा बुडाली. गुरुजी दोनदा घरी आले, खाटेशेजारी बसून गणितं घातली आणि मला पास केलं. आजार तोच, घर तेच. पण मुलाच्या शाळेसाठी गुरुजी घरी आले आणि मुलीच्या नावावर रेघ आली. सगळा दोष पाण्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, ते यासाठी. मात्र मुलीला घरी ठेवायला जे कारण हवं असतं, ते पाण्याइतकं सहज दुसरं कुठलंच पुरवत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बारव तळापर्यंत आटली. अब्बा, अम्मी आणि आपा खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच दुष्काळात बोअरिंगची गाडी गावात आली. दोन दिवस तिचा धडधडाट चालला होता आणि पांढरी भुकटी साऱ्या मोहल्ल्यावर उडत होती. आमच्याकडचा काळा कातळ. पहारीने विहीर खणायची तर एक पिढी जायची. त्या गाडीने दोन दिवसांत कातळाला भोक पाडलं आणि त्यावर हापसा बसला.

पहिला हापसा बिडाचा होता. वर्षभरात मोडला. साऱ्या देशातच तेव्हा हीच रड होती. परदेशात एका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेला पंप आपल्याकडे पाचशे माणसांच्या गावात, पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसला जायचा. तो टिकणार कसा? पण याचं उत्तरही आपल्याच मुलखात निघालं, याचा मला फार अभिमान वाटतो. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी पोलादी पत्र्याचा, दांड्याला साखळी जोडलेला दणकट हापसा तयार केला होता. त्या सोलापुरी पंपावर सुधारणा करून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हापसा बनवला गेला. पुढे तो लाखांनी तयार झाला आणि आफ्रिकेपर्यंत गेला. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी दुसरा बसला तो हाच. त्याचंही वायसर जायचं, मिस्तरी यायला आठ-आठ दिवस लागायचे, रांगेत भांडणं व्हायची. महारवाड्यातल्या बायकांनी दांड्याला हात लावला म्हणून पहिल्या वर्षी बाचाबाचीही झाली. पण हापशाचं पाणी लोखंडात बंद. त्यात कुणाचा पाय बुडत नाही आणि कुणाच्या हाताने ते बाटतही नाही. हळूहळू लोक गप्प झाले.

दोन-तीन उन्हाळ्यांत मोहल्ल्यातला नारू दिसेनासा झाला. एवढंच नाही, दर पावसाळ्यात घरोघर जुलाबाने जी मुलं मलूल व्हायची, तीही कमी झाली.

आमची धाकटी बहीण आपापेक्षा आठ वर्षांनी लहान. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा हापसा घरापासून पन्नास पावलांवर होता. शाळेआधी दोन घागरी, शाळेनंतर दोन. ती सातवी झाली, मग बार्शीला राहून मॅट्रिक झाली, अंगणवाडीत लागली. दोघी एकाच आईच्या. अक्कल आपाची थोडी जास्तच. दोघींच्या आयुष्यात जो फरक पडला, तो आठ वर्षांचा आणि एका हापशाचा.

आपाचं लग्न १९७५ साली झालं. तिचं सासर बालाघाटाच्या पलीकडे. तिथे अजून बारवच होती. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो.

सरकारने नारू हटवायची मोहीम १९८३ मध्ये हाती घेतली होती. आमच्या शाळेतही आरोग्य खात्याचा माणूस तक्ता घेऊन आला. त्या तक्त्यावर मला नारूचं सगळं चक्र पहिल्यांदा समजलं. नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो. किडा पाण्यात लाखो पिलं सोडतो. ती पिलं पाण्यातल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पिसवा खातात. ते पाणी दुसरा पितो आणि वर्षभराने त्याच्या पायातून नारू निघतो. ना हवेतून, ना कुणाच्या नजरेने, ना पापाने. फक्त पाण्यातून. पुढे वाचनात आलं की हकिमी ग्रंथांत याचं नाव इर्क-ए-मदनी. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. आजच्या शास्त्रीय नावातही मदिनेचं नाव आहे. इतका जुना आजार, आणि उपाय असा की कुणालाही परवडावा: पाण्यात पाय घालायचा नाही आणि पाणी दाट कापडातून गाळून प्यायचं.

१९८६च्या मे महिन्यात मी आपाकडे गेलो होतो. ती अंगणात गोधडी शिवत बसली होती. मास्तरकीचा जोम अंगात. मी जमिनीवर काडीने चित्र काढून तिला ते चक्र समजावलं. पाय, पिलं, पिसवा, घागर, पोट, पुन्हा पाय. "एका वर्षाने, आपा. बरोबर एका वर्षाने निघतो."

तिची सुई थांबली. बराच वेळ ती त्या चित्राकडे पाहत राहिली. आकड्यांत ती कधीच कच्ची नव्हती. मग हळूच म्हणाली, "मतलब तेरा नारू मेरे पाँव सेच आया क्या रे?"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आता कळतं. त्या दिवशी मी म्हणालो, "आला असेल. पण त्याचं काय आता."

ती काही बोलली नाही. गोधडी गुंडाळून आत गेली. रात्री जेवायला वाढताना माझ्या पायाकडे पाहत होती. पोटरीवरच्या त्या जुन्या व्रणाकडे.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मेहुण्यांनी हसत सांगितलं, "तुमची आपा आता बारवेची पाटलीण झाली आहे." पहाटे ती सगळ्यांच्या आधी बारवेवर जाऊन वरच्या पायरीवर बसायची. कुणाच्या पायाला चिंधी दिसली की तिला खाली उतरू द्यायची नाही. "ला, मैं भर के देती. तू उतर नक्को." बायका चिडायच्या, शिव्या द्यायच्या. ही त्यांच्या घागरी भरून वर आणून द्यायची. स्वतःच्या घागरी वेगळ्या. जुन्या धोतराचे चौकोन कापून, दुहेरी शिवून तिने घरोघर वाटले होते. माझ्या शाळेच्या भिंतीवर तो तक्ता तीन वर्षं लटकत होता. त्याच्याने झालं नाही ते एका न शिकलेल्या बाईने एका पायरीवर बसून केलं.

पुढे मोहिमेच्या लोकांनी ती बारव बांधून काढली. पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला, वर रहाट बसवला. पाण्यात औषध टाकलं. उतरायला जागाच राहिली नाही. आपाची चौकी उठली.

भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण राजस्थानात जुलै १९९६ मध्ये सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. लस नाही, गोळी नाही. पाणी नीट केलं आणि हजारो वर्षांचा आजार गेला. १९८०च्या दशकाच्या मध्याला जगात दरवर्षी लाखो लोकांना नारू व्हायचा. २०२३ साली साऱ्या जगात मिळून माणसांत १४ रुग्ण नोंदले गेले.

हे सारं मला ठाऊक होतं. वर्गात मुलांना मी ते सांगतही होतो. तरीही माझ्या हातून काय घडलं, ते कबूल करायला हवं. नव्वदच्या दशकात मी एका वस्तीशाळेवर होतो. मार्च उजाडला की मुलींची हजेरी गळू लागायची. विहीर दूर, टँकरची वेळ ठरलेली नाही. टँकर येईल तेव्हा घरात कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मुलगीच. हजेरीपटात गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना असे. त्यात मी ओळीने 'घरकाम' लिहीत गेलो. एके दिवशी तो पट पाहताना लक्षात आलं की गुरुजींनी जशी मान हलवली होती, तशीच मीही हलवतो आहे. त्या दिवसापासून मी 'घरकाम' लिहिणं सोडलं आणि 'पाणी' लिहू लागलो. पट तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय कारण झालं? मी म्हणालो, हेच कारण आहे साहेब. पंचायत समितीकडे केलेल्या अर्जाला तो पट जोडला. दोन वर्षं खेटे घालून शाळेच्या कुंपणालगत एक विंधन विहीर मिळाली. मुली शाळेत येताना घागर घेऊन येऊ लागल्या आणि सुटल्यावर भरून नेऊ लागल्या. वर्गाच्या मागच्या भिंतीला घागरींची रांग लागायची. बाहेरून येणारे हसायचे. मला त्या रांगेइतकी सुंदर गोष्ट नोकरीत दुसरी दिसली नाही.

आज कायदा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत पिण्याचं शुद्ध पाणी हवं, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत. मोठ्या मुलींची शाळा का सुटते, हे आमच्या मोहल्ल्यात 'जमाना खराब है' या वाक्यात गुंडाळून टाकतात. जमान्याचं सोडा, शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का, ते आधी पाहावं. मशिदीत वुजूसाठी बोअर घ्यायला वर्गणी एका जुम्म्यात जमते. चांगलंच आहे. त्याच बोअरची एक तोटी भिंतीबाहेर काढली तर मोहल्ल्यातल्या किती मुलींचा सकाळचा तास वाचेल, हा हिशेबही त्याच जुम्म्याला मांडायला हरकत नसावी.

पाणी आलं म्हणजे सारं झालं, असंही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विंधन विहिरींचं काचेसारखं स्वच्छ पाणी पिऊन लोकांचे दात किडल्यासारखे डागाळले, हाडं वाकली. त्या पाण्यात फ्लोराइड. डोळ्यांना दिसणारी घाण कापडाने गाळता येते, ही गाळता येत नाही. तिथे पाणी तपासणं हाच पहिला उपाय. आणि पाणी जमिनीतून उपसायचंच ठरवलं तर तेही संपतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

ग्रामीण भागात घरोघर नळ देण्याची योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली. तेव्हा खेड्यांतल्या साधारण सहांपैकी एका घरात नळ होता. आपाच्या अंगणात नळ आला २०२२ मध्ये. चार दिवसांआड तासभर पाणी येतं. आपा आता साठी ओलांडून पुढे गेली आहे. गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर वयाचं कारण सांगतात. मला एकवीस पायऱ्यांचं वाटतं.

गेल्या ईदला तिच्याकडे गेलो होतो. पाण्याचा दिवस होता. तोटीच्या तोंडाला तिने दुहेरी कापड बांधलेलं होतं. मी म्हणालो, "आपा, नारू जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली. आता कशाला?"

"नारू गया," ती म्हणाली, "मैं तो हूँ ना."

तिची नात आठवीत आहे. दप्तर पाठीवर अडकवता अडकवता तिने विचारलं, "मामू, नारू म्हणजे काय?" सगळं घरच मला मामू म्हणतं. मी सुनेकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. त्यांनाही नीट सांगता येईना. त्या घरात तो शब्द फक्त आम्हा दोघांनाच उरला होता. मला फार बरं वाटलं.

मुलगी शाळेला गेली. मग मी छत्तीस-सदतीस वर्षं राहून गेलेलं बोललो. म्हणालो, "आपा, माझा नारू तुझ्या पायातून आला असेल. पण त्या वर्षी मी जे पाणी प्यालो, ज्या पाण्याने आंघोळ करून शाळेत गेलो, ते तुझ्याच डोक्यावरून आलं. त्या घरातला नळ तू होतीस. माझी मास्तरकी तुझ्या घागरीतून आली आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले की काय, ते मला कळलं नाही. ओढणीने तोंड पुसत ती म्हणाली, "हौ रे, बस हो गया. घागर भर गई देख. नल बंद कर."

मी उठून नळ बंद केला.